टू हार्टेडचा क्लोन: सेंटेनियलचा वास महिन्याभरात जातो कुठे?

गाळणी:

मिशिगनच्या बेल्स ब्रुअरीची टू हार्टेड ही बिअर घरी जमवायची आहे. दोन बॅच झाल्या, दोन्ही एकाच जागी फसल्या. सगळे आकडे देतो, चूक कुठे आहे ते जाणकारांनी सांगावं.

बॅच १९ लिटरची, ऑल-ग्रेन, म्हणजे सगळी धान्यापासून. टू-रो (साधं फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली) ५ किलो, क्रिस्टल ६० (गडद, गोडसर माल्ट) अर्धा किलो, मॅश (धान्य गरम पाण्यात भिजवणं) ६७ अंश सेल्सिअसला एक तास. हॉप (बिअरला कडूपणा आणि वास देणारं फूल) फक्त सेंटेनियल जातीचा, पेलेट म्हणजे दाबलेल्या गोळ्या: उकळी संपायला ६० मिनिटं असताना ५७ ग्रॅम, १० मिनिटं असताना २८, आच बंद करताना २८. यूएस-०५ यीस्टचं एक पाकीट वरून भुरभुरवलं. खोली २२ अंश. ओजी (आंबण्याआधीची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी) १.०६२, एफजी (आंबल्यानंतरची) १.०१४. सातव्या दिवशी ११३ ग्रॅम ड्राय हॉप (न उकळता थेट बिअरमध्ये घालायचा हॉप) कापडी पिशवीत, १० दिवस. मग सायफनने बाटल्या भरायच्या बादलीत, १३० ग्रॅम साखरेचा पाक घालून, ढवळून बाटल्या भरल्या. पाणी डॅलसच्या उपनगरातलं, नळाचं, साध्या कार्बन फिल्टरमधून घेतलेलं.

दोन आठवड्यांनी उघडलेली बाटली चांगली लागते. संत्र्याची साल, थोडा पाइन, थोडा फुलांचा वास. पाचव्या आठवड्यात त्यातलं काहीच उरत नाही. वास मधासारखा, त्यामागे ओला पुठ्ठा. रंग दूध न घातलेल्या कडक चहाचा. कडूपणा जिभेच्या मुळाशी खरवडत राहतो. काही बाटल्या उघडताच फेस उतू जातो. शिकागोहून आणलेली मूळ बाटली शेजारी ठेवली तर ती नारिंगी सोनेरी दिसते.

ड्राय हॉप १७० ग्रॅम केला तर वास टिकेल का? यीस्ट बदलावं का?


उकळी_फुटली:

ड्राय हॉप वाढवू नका. हॉप कमी पडला असता तर वास पहिल्या बाटलीपासूनच कमी आला असता. तुमचा वास दोन आठवडे होता, मग गेला आणि त्याच काळात रंगही गडद झाला. बिअर भरताना आत गेलेल्या ऑक्सिजनचं हे काम आहे. १७० ग्रॅम घातलेत तरी तेही असेच वाया जातील.

शिवाय लिटरमागे हॉप किती झाला तेही बघा. आत्ता तुम्ही ६ ग्रॅमवर आहात, १७० म्हणजे ९. ओरेगन स्टेट विद्यापीठात कॅस्केड जातीच्या हॉपवर झालेल्या अभ्यासात (२०१८) लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे लिंबूवर्गीय वास वाढेना, उलट पाल्याचा, चहापत्तीचा वास पुढे आला. टू हार्टेडमध्ये एकच हॉप आहे. मोझॅक, सिट्रा असलं झाकायला काही नाही, त्यामुळे असा काढ्याचा वास लगेच कळतो.

हवा शिरायच्या तुमच्याकडे चार जागा आहेत. पिशवी टाकताना झाकण उघडलंत, ती पहिली, आणि तोवर आंबणं संपलेलं असल्याने ती हवा खाऊन टाकायला यीस्ट जागं नव्हतं. दुसरी सायफनची. बिअर संपत येते तेव्हा नळीत गुडगुड होऊन बुडबुड्यांची माळ धावते, ती थेट बिअरमध्ये विरघळते. तिसरी ती रुंद तोंडाची बादली आणि त्यातलं ढवळणं. चौथी बाटलीच्या मानेतली रिकामी जागा. साखर खाताना यीस्ट थोडा ऑक्सिजन घेतं, पण एवढा नाही.

फेस उतू जाण्याचं कारण वेगळं. हॉपमध्ये स्टार्च फोडणारे एन्झाइम असतात. ब्राउन आणि मॉरिस यांनी हे १८९३ मध्येच नोंदवून ठेवलंय, आज त्याला हॉप क्रीप म्हणतात. ड्राय हॉप पडला की उरलेल्या डेक्स्ट्रिनची (यीस्टला न पचणाऱ्या शर्करांची) साखर होते आणि यीस्ट परत कामाला लागतं. ग्रॅव्हिटी ०.००१ ने उतरली की कार्बोनेशन साधारण अर्ध्या व्हॉल्यूमने (लिटरभर बिअरमध्ये अर्धा लिटर गॅस) वाढतं. तुमची १३० ग्रॅम साखर २.५ व्हॉल्यूम देते. बाटलीत १.०१४ ची १.०१२ झाली तर ३.५. बाटली फुटू शकते, हे गंभीरपणे घ्या.

आता माझी रेसिपी. बेल्सची स्वतःची ही नव्हे, पण मूळ बिअरशेजारी ठेवता येते. फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) २१ लिटर, त्यातून केगमध्ये (बिअर साठवायच्या धातूच्या पिंपात) १९ येते. धान्यातून साखर निघण्याची कार्यक्षमता ७२ टक्के धरली आहे. माल्ट असं:

टू-रो ५.१ किलो
व्हिएन्ना ६०० ग्रॅम
क्रिस्टल ४० २३० ग्रॅम
कॅरापिल्स १५० ग्रॅम

पाणी एकूण ३२ लिटर: १८ मॅशला, १४ स्पार्जला (धान्य धुऊन घ्यायला). धान्य २० अंशांचं असेल तर मॅशचं पाणी ७२ ते ७३ अंशांवर घ्या, मिसळल्यावर ६६ येतं. एक तास. उकळीही एक तास.

सेंटेनियल १० टक्के अल्फाचं (कडूपणा देणारं आम्ल) धरून: ४५ मिनिटांना ३० ग्रॅम, ३० मिनिटांना ३० ग्रॅम. मग आच बंद करून वर्ट (धान्यातून निघालेलं गोड पाणी) ७७ अंशांपर्यंत उतरवा, ४० ग्रॅम घाला, २० मिनिटं हलकं फिरवत ठेवा, मग पूर्ण थंड करा. कडूपणा ५५ आयबीयूच्या (कडूपणाचं एकक) आसपास बसतो. पाकिटावर अल्फा वेगळा असेल तर पहिल्या दोन मात्रा बदला: ३० गुणिले १०, भागिले पाकिटावरचा आकडा. म्हणजे ८.७ असेल तर ३४ ते ३५ ग्रॅम. वासासाठीची मात्रा तशीच ठेवा.

ओजी १.०६४, एफजी १.०११, अल्कोहोल ७ टक्के. तुमची १.०१४ वर थांबली त्यामागे एकच पाकीट आणि ६७ अंशांचा मॅश. त्यात अर्धा किलो क्रिस्टल ६०. एवढ्या बॅचला सुमारे २५० अब्ज पेशी लागतात, यूएस-०५ वापरायचं तर दोन पाकिटं घ्या.

तापमान पहिले चार दिवस १८ ते १९, मग २१. खोली २२ अंश असेल तर जोरात आंबताना आतलं तापमान २५-२६ लाही जातं, म्हणून तापमापकाचा प्रोब फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वरून फोम बांधा. खोलीतल्या हवेचं माप उपयोगाचं नाही.

ग्रॅव्हिटी दोन दिवस हलली नाही (साधारण आठवा दिवस) की १४-१५ अंशांपर्यंत उतरवा, एक दिवस थांबा, यीस्ट खाली बसू द्या. मग ९० ग्रॅम पेलेट सुटे घाला, पिशवी नको. पिशवीत पेलेट फुगून गोळा होतो आणि आतला अर्धा भाग नुसता ओला होतो. तीन दिवस पुरे, कारण बराचसा वास पहिल्या २४ तासांतच उतरतो. दहा दिवसांत पाल्याचा तुरटपणाच येतो, तुमची जिभेच्या मुळाशी होणारी खरवड बरीचशी तीच आहे. हॉप टाकताना दुसऱ्या तोंडातून कार्बन डायऑक्साइड हळू सोडत राहा.

थंड करायच्या आधी डायसेटिल तपासा. १०० मिली नमुना झाकणाच्या बरणीत, बरणी ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास. गार करून हुंगा. लोणी लावलेल्या पॉपकॉर्नचा वास आला तर अजून दोन-तीन दिवस २० अंशांवर ठेवा, यीस्ट ते परत खातं. आला नाही तरच पुढे चला. हॉप क्रीपमुळे हे ड्राय हॉपनंतरही करायचं असतं, एकदा करून सोडून देऊ नका.

भरणं: केग स्टार सॅन या जंतुनाशकाच्या पाण्याने काठोकाठ भरा (१९ लिटरला ३० मिली), झाकण लावून सगळं पाणी कार्बन डायऑक्साइडने बाहेर ढकला. आता आत हवाच नाही. फर्मेंटरच्या नळापासून केगच्या द्रव बाजूच्या पोस्टला (जोडणीला) नळी जोडा, गॅसच्या पोस्टपासून परत फर्मेंटरच्या डोक्याला. बिअर खाली येते, तिच्या जागी गॅस वर जातो, झाकण उघडावंच लागत नाही. ४ अंशांवर ११ ते १२ पीएसआय गॅसचा दाब, दहा दिवस. एवढी एक गोष्ट बदललीत आणि बाकी सगळं जुनंच ठेवलंत, तरी पाचव्या आठवड्यात वास असेल.


गाळणी:

सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. केग सध्या नाही, दोन-तीन महिन्यांनी घेईन. तोपर्यंत बाटल्यांनाच काही करता येईल का? आणि थंड करताना एअरलॉकमधलं (फर्मेंटरच्या तोंडावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतलं) पाणी आत ओढलं गेलं होतं, त्याचं काय?


उकळी_फुटली:

एअरलॉकचं लक्षात आणून दिलंत ते बरं झालं, ती पाचवी जागा. गार झाल्यावर आतला गॅस आकसतो आणि बाहेरची हवा ओढली जाते. आंबणं जोरात असताना एअरलॉकच्या जागी नळी लावून चंदेरी फॉइलचा फुगा भरून घ्या. थंड करताना तो आपोआप रिकामा होतो, आत जातो तो त्याचाच गॅस. साधा रबरी फुगा नको, त्यातून हवा झिरपते.

बाटल्यांसाठी बादली पूर्ण वगळा. फर्मेंटरच्या नळाला बाटली भरायची कांडी (तळाला टेकली की उघडते ती नळी) लावा. साखर प्रत्येक बाटलीत वेगळी घाला, ३५५ मिलीला २ ग्रॅम. १९ लिटरला ११० ग्रॅमचा हिशोब होतो, क्रीपसाठी थोडी जागा राहते. कांडी तळाला टेकवून काठापर्यंत भरा, कांडी काढली की जागा आपोआप उरते. मग बाटलीला बोटाने टिचकी मारा, फेस तोंडाशी आला की त्याच क्षणी बूच दाबा. बूच ठेवून पुढची बाटली भरायला गेलात तर फेस बसतो आणि हवा परत आत येते, म्हणून एक-एक पूर्ण करत चला. दोन आठवडे २१ अंशांना, मग सगळ्या फ्रिजमध्ये. आणि सहा आठवड्यांत संपवा, केगइतकी ती टिकणार नाही.


तळाचा_गाळ:

यूएस-०५ ने बिअर चांगली होते, पण टू हार्टेड होत नाही. बेल्सचं स्वतःचं यीस्ट किंचित फळांकडे झुकतं आणि सेंटेनियलच्या फुलांच्या वासाला तेच आधार देतं. ते दुकानात शोधायची गरज नाही, बाटलीच्या तळाशीच आहे, कारण बेल्स बिअर गाळत नाही.

टू हार्टेडपेक्षा ओबेरॉन किंवा अंबर एलच्या बाटल्या घ्या. यीस्ट तेच, पण या दोन्ही ५.८ टक्क्यांच्या आहेत. सात टक्क्यांत पडून राहिलेल्या पेशी जास्त थकलेल्या असतात. पॅकिंगची तारीख बघून सगळ्यात ताज्या सहा बाटल्या घ्या. उन्हात किंवा शेल्फवर महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या नकोत.

बाटल्या उभ्याच फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, अजिबात हलवायच्या नाहीत. तळाशी राखाडी पांढरा पातळ थर दिसायला लागतो. दरम्यान पहिला स्टार्टर (यीस्ट वाढवायचं छोटं द्रावण) करा: २५० मिली पाणी, १३ ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, दहा मिनिटं उकळून खोलीच्या तापमानाला. हे मुद्दाम पातळ ठेवायचं, १.०२० च्या आसपास. घट्ट दिलंत तर अशक्त पेशी दमतात.

बूच काढायच्या आधी बाटलीचं तोंड स्टार सॅनने पुसा, काढल्यावर ओठ लायटरच्या ज्योतीवर फिरवून घ्या. बिअर एकाच झोकात ग्लासात ओता, मध्येच बाटली सरळ केली तर गाळ उसळतो. तळाला दोन बोटं उरली की थांबा. ती उरलेली बिअर गोल फिरवा, भिंतीला चिकटलेला थर सुटून पाणी ताकासारखं गढूळ होतं. सहाही बाटल्यांचं ते स्टार्टरमध्ये ओता, तोंडाला फॉइल सैल बांधा.

दुसरी पायरी ७५० मिली आणि ७५ ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट, तिसरी दोन लिटर आणि २०० ग्रॅम. प्रत्येक पायरी आंबून झाली की फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, वरचं पाणी काढा, गाळावर पुढची पायरी ओता. शेवटच्या वेळी काढलेलं पाणी चाखा. साधी, हॉप नसलेली फिकट बिअर लागायला हवी. आंबट किंवा औषधी लागली तर सगळं फेकून द्या, वाचवत बसू नका. एकूण आठ-दहा दिवस लागतात. जमलं की थोडा गाळ बरणीत काढून ठेवा, पुढच्या बॅचला बाटल्या लागणार नाहीत.


खारं_पाणी:

पाण्याबद्दल अजून कोणी बोललं नाही. डॅलस भागात नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचं जंतुनाशक) असतं. ते उकळून जात नाही, आणि साध्या फिल्टरमधून नळ पूर्ण सोडून पाणी घेतलं तर पुरतं अडतही नाही. माल्टमधल्या फिनॉलशी जुळून त्याचा बँडेजसारखा, दवाखान्यासारखा वास येतो. तुमच्याकडे तो आलेला नाही, पण हॉपचा वास मंद करायला त्याची थोडी मात्राही पुरते. ३२ लिटरला कॅम्डेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी कुस्करून घाला, काही मिनिटांत काम होतं.

खरं तर हॉपी बिअरला आरओ पाणी घ्या आणि क्षार स्वतः घाला. ३२ लिटरला जिप्सम ९ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ३ ग्रॅम. यातून कॅल्शियम ९० पीपीएम, सल्फेट १५५ ते १६०, क्लोराइड ४५ येतं. सल्फेटमुळे कडूपणा कोरडा, स्वच्छ लागतो आणि घोट गिळल्यावर संपतो. काही रेसिपींमध्ये सल्फेट ३०० पर्यंत नेलेलं दिसतं. या बिअरला ते नको, माल्टची पावाच्या कडेसारखी चव मागे जाते. मॅशचा पीएच ५.३ हवा. आरओ पाण्यात तो ५.४ ते ५.५ असतो, ८८ टक्के लॅक्टिक ॲसिड एकेक मिली घालत मोजा, दोन-तीन मिलीत येतो. नमुना खोलीच्या तापमानाला आणून मोजायचा, गरम असताना आकडा चुकतो.

उकळी_फुटली यांच्या रेसिपीत एक बदल सुचवतो. बाटल्याच भरायच्या असतील तर क्रिस्टल २३० वरून १२० ग्रॅम करा आणि तेवढं व्हिएन्ना वाढवा. क्रिस्टल माल्ट जुनं होताना मनुकांकडे, मधाकडे जातं. केगमध्ये २३० ग्रॅमचा त्रास होत नाही, बाटलीत होतो.


उकळी_फुटली:

मान्य. बाटलीसाठी १२० ठेवा. रंग थोडा फिका येईल, चवीत फरक पडत नाही.


पुणेरी_माल्ट:

हे सगळं पुण्यात घरी करता येईल का? धान्य आणि यीस्ट ऑनलाइन मिळतं असं दिसतंय.


खारं_पाणी:

नाही. सामान मिळणं वेगळं आणि परवानगी वेगळी. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, स्वतःच्या पिण्यापुरतं असलं तरी. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली तीही मायक्रोब्रुअरीचा परवाना घेऊन. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरची बिअर मोकळी झाली, एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००, विकायला मनाई. वर जे चाललंय ते त्या हिशोबाने.

हॉपचा हात बसवायचा असेल तर पुण्यात हॉप वॉटर करा, त्यात अल्कोहोल नाही. एक लिटर आरओ पाणी, लिंबाच्या रसाने पीएच ४ च्या खाली आणा, ७५ अंशांवर २ ग्रॅम सेंटेनियल २० मिनिटं, कॉफी फिल्टरमधून गाळा, गार करून सोडा मशीनमधून काढा. आम्ल न घालता केलंत तर तुरट काढा होतो. १, २ आणि ४ ग्रॅमच्या तीन बाटल्या शेजारी ठेवून प्या, जास्त हॉप म्हणजे जास्त वास नव्हे हे जिभेलाच कळतं.


गाळणी:

ओबेरॉनच्या सहा बाटल्यांचा स्टार्टर काल रात्री लावला. ३० तास झाले, फेस नाही. मेलं का?


तळाचा_गाळ:

एवढ्यात नाही. पहिल्या पायरीला फेस बहुतेक वेळा येतच नाही, पेशी फार कमी असतात. फ्लास्क २२ ते २४ अंशांवर ठेवा, येता-जाता फिरवा. तिसऱ्या दिवशी उजेडासमोर धरून बघा. पाणी गढूळ झालेलं असेल, किंवा तळाला आधी नव्हता असा सायीच्या रंगाचा थर असेल, तर जिवंत आहे. खात्री हवी असेल तर रिफ्रॅक्टोमीटरवर (साखर मोजायच्या उपकरणावर) एक थेंब टाका, सुरुवातीला ५ ब्रिक्स होता तो ३ च्या खाली आला पाहिजे. चौथ्या दिवशीही ५ च असेल तर नव्या बाटल्या आणा. वर सुरकुतलेली पांढरी साय धरली असेल तर ते यीस्ट आपलं नव्हे, फ्लास्क उकळत्या पाण्याने धुऊन परत सुरुवात करा.